कन्हानकाठचे बारा वाफे : रेताड वावरातल्या हिवाळी आच्छादन पिकांच्या नोंदी

९ ऑक्टोबर

भुईमूग उपटून झाला. शेंगा अंगणात वाळताहेत आणि वावर एकदम उघडं पडलंय. कामठीच्या पुढे, कन्हानच्या काठाला हे आमचं दोन एकरांचं रान. गावात बाकीच्यांची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. नदीकडची ही पट्टी मात्र रेताड. नागपुरातल्या कितीतरी स्लॅबांमध्ये कन्हानची वाळू आहे. तीच जरा बारीक होऊन आमच्या वाट्याला आली. भाऊजी म्हणतात, "पाणी तोंडावर अन् खत पाताळात." युरिया टाकला आणि मागून जोराचा पाऊस आला की तो मुळांच्या खाली निघून जातो, हे कळायला त्यांना पुस्तक लागलं नाही.

भुईमुगानंतर जूनपर्यंत हे वावर रिकामं राहतं. विहिरीचं पाणी काळ्या जमिनीतल्या गव्हाला जातं. म्हणजे आठ महिने उघडी माती. या दिवसांत विकायला नाही, नुसतं जमीन झाकायला काही उगवून ठेवलं तर मातीतल्या जिवांना काय फरक पडतो, एवढंच मला बघायचं आहे. भाऊजींनी विहिरीजवळचा तुकडा दिला. अट एकच: "मृगात मले वावर मोकळं पाहिजे वहिनी, वांगी लावायची हायेत."

१२ ऑक्टोबर

बरणीची चाचणी केली. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर, आणि दणकून हलवून ओट्यावर ठेवली. पहिल्या मिनिटातच बहुतेक सगळं खाली बसलं, म्हणजे वाळू. दोन तासांनी त्यावर पोयट्याचा पातळ थर. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात गढूळ राहिली आणि शेवटी बसली ती कागदाएवढी. शेजारच्या काळ्या वावरातली माती दुसऱ्या बरणीत घातली होती, तिथे चित्र पार उलटं. सासूबाईंनी दोन्ही बरण्या बघितल्या. "लोणच्याच्या बरण्या होत्या न व त्या?" होत्या.

वाफे आखले. तीन बाय चार मीटरचे बारा, मध्ये मीटरभर वाट. चार प्रकार, प्रत्येकी तीन वाफे: मोकळे (भाऊजींच्या पद्धतीने वखरून ठेवलेले), लाखोळी (लाखेच्या डाळीचं पीक), मोहरी, आणि ओट-मेथी-मोहरी असं मिश्र. कुठल्या वाफ्यात काय, हे पुतण्याने चिठ्ठ्या उचलून ठरवलं. चांगला कोपरा आवडत्या पिकाला देण्याचा मोह मला होणारच होता.

लाखोळी का? धानाच्या बांधीत उभ्या पिकातच ओलीवर फेकतात आणि ती पुढे पाण्यावाचून वाढते, हे लहानपणापासून बघितलंय. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातल्या ओडॅप नावाच्या द्रव्याने पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीही आली होती. मला ती खायची नाही, मातीला घालायची आहे. बरसीम हा चारा आधी यादीत होता. त्याला लागणारं पाणी आठवलं आणि खोडला.

१६ ऑक्टोबर

पेरणी झाली. तुषारचं एक पाणी दिलं. तेही रात्री, कारण लाइन रात्रीचीच आहे.

प्रत्येक वाफ्यात बोटभर खोल मांजरपाटाचा एक तुकडा पुरला. कापूस म्हणजे शुद्ध सेल्युलोज, ते कुजवायला बुरशी आणि जीवाणू लागतात. तुकडे वजन करून, नायलॉनच्या दोऱ्याला टोकाशी बांधून पुरलेत. काढल्यावर वजन जितकं घटलेलं, तितकं तिथलं सूक्ष्म जीवांचं काम जास्त, असा हिशोब. काही जण यासाठी चहाच्या पिशव्या पुरतात. कापसाच्या मुलखात राहून त्या कशाला शोधायच्या!

२१ ऑक्टोबर

मोहरी गेली. मुंग्यांनी नेली. धुऱ्यावरच्या वारुळापर्यंत दाण्यांची रांग चालली होती, पुतण्या तिच्यामागे वारुळापर्यंत गेला. ओट आणि लाखोळीला त्यांनी हात लावला नाही, मोठा दाणा त्यांना उचलेना. मोहरी पुन्हा पेरली, या वेळी जरा खोल आणि वरून फांदी फिरवून. मातीतल्या जिवांचा अभ्यास करायला आले होते, त्यांनीच सुरुवात केली.

२३ नोव्हेंबर

लाखोळी चांगली पसरलीय. एक रोप फावड्याने मुळांसकट उचललं आणि बादलीत हलक्या हाताने धुतलं. मुळांवर गाठी. नखाने चिरली तर आत गुलाबी, म्हणजे लेगहिमोग्लोबिन हे लाल द्रव्य आहे आणि रायझोबियम, हवेतला नत्र धरणारा जीवाणू, कामाला लागलाय. आत पांढरी किंवा हिरवट असती तर नुसता भाडेकरू म्हटला असता. कुठलंही जीवाणू खत न लावता गाठी आल्या. गावात पिढ्यान्पिढ्या लाखोळी होते, तिच्या जोडीचे जीवाणू इथे मुरलेले असणार.

याच पाहणीत दुसरी गोष्ट दिसली. मोकळ्या वाफ्यातली माती मुठीत घेतली की साखरेसारखी बोटांतून गळते. लाखोळीच्या मुळांना मात्र वाळूचे कण चिकटून मोजा घातल्यासारखं आवरण झालंय. मुळांतून झिरपणारा चिकट रस आणि बुरशीचे तंतू हे कण धरून ठेवतात. अजून दोन बोटं बाजूला गेलं की पुन्हा तीच साखर.

९ डिसेंबर

वाफा ३ आणि ८ अर्धे साफ. पायांच्या ठशांवरून रोही, म्हणजे नीलगाय. गहू अजून लहान आहे, हिरवं दिसलं ते हेच. चूक माझी; एवढ्या रानात बारा हिरवे चौकोन म्हणजे रोह्याला ताट वाढून ठेवल्यासारखंच. भाऊजींनी न बोलता बोरीच्या काट्या आणून लावल्या. मग बोलले, "इतकं तं गव्हाले नाही केलं."

खुडलेली लाखोळी फुटेल. ओट तर कापल्यावर फुटतोच. नोंद ठेवते, तीन महिन्यांनी हे वाफे वेगळे वागले तर कारण विसरायला नको.

२१ डिसेंबर

पहाटे चांगली थंडी, पानांवर दव. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आज शाईचं काम केलं. मायकोरायझा म्हणजे मुळांत राहणारी बुरशी. मुळांच्या आवाक्याबाहेरचं पाणी आणि स्फुरद ती तंतूंनी ओढून आणते, बदल्यात झाड तिला साखर देतं. रेताड जमिनीत हिचं मोल जास्त, कारण वाळूला धरून ठेवता येतं ते फार थोडं. तिला बघायला महागडे रंग लागत नाहीत. मुळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करायची, धुवायची, मग व्हिनेगरमध्ये पाच टक्के फाउंटन पेनची शाई घालून उकळायची. ही युक्ती १९९८ पासून रूढ आहे. पहिल्या खेपेला घरातली निळी शाई वापरली तर सगळंच निळं. काळी आणली तेव्हा जमलं.

ओटच्या मुळांत तंतू आणि गोल पिशव्या स्वच्छ दिसल्या, लाखोळीतही. मोहरीच्या चार मुळ्या पालथ्या घातल्या, काही नाही. मोहरी-कोबीचं कुळ या बुरशीशी नातं ठेवतच नाही, हे पुस्तकात शिकवते मी, पण भिंगाखाली ते रिकामं मूळ बघताना वेगळंच वाटलं. नुसती मोहरी घेतलेल्या वाफ्यात ही बुरशी महिनोन्महिने उपाशी राहणार. मोकळ्या वाफ्यात तर राहणारच. म्हणजे या एका बाबतीत हिरवागार मोहरीचा वाफा आणि उघडा वाफा सारखेच.

प्रयोगशाळेच्या सहायकांनी विचारलं, "मॅडम, व्हिनेगरचा वास काहून येऊन राहिला? भेळ आणली का?"

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून दुपारी वावरात. प्रत्येक वाफ्यातून पेलाभर वरची माती आणली आणि प्लास्टिकच्या बाटल्या कापून केलेल्या नरसाळ्यांवर ठेवली. वर ४० वॅटचा साधा बल्ब, खाली स्पिरिट. वरून ऊब आणि कोरडेपणा वाढत गेला की मातीतले बारीक जीव खाली पळतात आणि स्पिरिटमध्ये पडतात. बर्लीझ नावाच्या इटालियन कीटकशास्त्रज्ञाची १९०५ मधली कल्पना. बल्ब पुढे स्वीडनमधल्या टुलग्रेनने जोडला. साधा बल्ब मिळायलाच तीन दुकानं फिरावी लागली, सगळीकडे एलईडी. एलईडीने किडे पळत नाहीत, ऊबच नाही.

१७ जानेवारी

नरसाळ्यांची मोजणी. मोकळ्या तीन वाफ्यांत मिळून सात जीव, त्यातल्या चार मुंग्या. लाखोळीत एकेका पेल्यात वीसच्या आसपास, मिश्रमध्ये त्याहून थोडे जास्त. बहुतेक अष्टपाद माइट आणि स्प्रिंगटेल, म्हणजे पोटाखालच्या चिमट्याने उडी मारणारे पांढुरके कण. हे बुरशी आणि कुजकं खातात. मोहरी मधोमध.

एक खोट आहे. झाकलेल्या वाफ्यांना मी दोनदा पाणी दिलं, मोकळ्यांना दिलं नाही, कारण भाऊजी रिकाम्या वावराला पाणी देत नाहीत. मग जीव वाढले ते मुळांमुळे की ओलीमुळे? ही शंका पेरणीच्या वेळी यायला हवी होती. आता वाफा ५ (मोकळा) पुढच्या वेळेपासून इतरांइतकंच पाणी घेईल. तीनपैकी एकच, पण काही तरी कळेल.

गांडुळांसाठी मोहरीची पूड पाण्यात कालवून चौकटीत ओतली. तिखटपणाने ती वर येतात. पाटाजवळच्या मिश्र वाफ्यात दोन लहान आली, बाकी कुठे एकही नाही. वाळू त्यांची कातडी खरवडते आणि हिवाळ्यात वरचा थर सुकतो. आली नाहीत यात नवल नाही.

२६ जानेवारी

बाहेरच्या देशांतलं आच्छादन पिकांचं बरंचसं लेखन हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतलं आहे. तिथे शरदात राय नावाचं तृणधान्य पेरतात ते मातीतलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्र, हिवाळ्याच्या पाण्याबरोबर खाली जाऊ नये म्हणून. आमच्याकडे नायट्रेट जातं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि हिवाळा कोरडा. एखादी अवकाळी सर किंवा गारा, बस. त्यांची कारणं इथे आणून चिकटवायची नाहीत. आमच्या पट्टीचा शत्रू वेगळा असावा असा संशय येतोय, आणि तो अजून यायचा आहे.

४ फेब्रुवारी

आज भांडण. साधंच, पण नोंद हवी.

लाखोळी फुलावर आहे, खाली शेंगा धरताहेत. याच वेळी कापली तर पाला कोवळा असतो, लवकर कुजतो. दाणे भरू दिले तर नत्र दाण्यात जाणार. मी विळा घेऊन उभी. सासूबाई धुऱ्यावर. "भरल्या शेंगा कापून मातीत टाकाच्या? पाप हाये हे." त्यांनी दुष्काळ बघितलाय. मला उत्तर सुचलं नाही. शेवटी वाफा ७ चा एक कोपरा दाण्याला सोडला आणि कोवळ्या शेंड्यांची भाजी खुडू दिली. नोंदवहीत लिहिलं: वाफा ७ मधून अंदाजे दोन ओंजळी, भाजीसाठी. भाजी उत्तम झाली होती.

भाऊजींना रोटावेटर फिरवायचा होता, मला पाला वर पसरून ठेवायचा होता. तोड अशी निघाली: प्रत्येक झाकलेल्या वाफ्याचा अर्धा भाग कुदळीने मातीत कालवला, अर्ध्यावर पाला तसाच अंथरला. खरं तर माझ्या आराखड्यात हे नव्हतंच. भाऊजींचं श्रेय.

कापताना मिश्र वाफा ११ मधली मेथी उपटली तर मुळांना गाठी. आधी खूश झाले. मग बोटाने चोळल्या तर सुटेनात. रायझोबियमची गाठ मुळाला बाजूने लटकते आणि चोळली की निघते. इथे मूळच सुजलेलं. मुळांवर गाठ करणारा सूत्रकृमी, धाग्यासारखा सूक्ष्म किडा. रेताड, हवेशीर माती त्याच्या आवडीची. भाऊजींना आठवलं, त्या कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वी वांगी होती. जमिनीत जीव वाढवायला निघाले तर हाही जीवच. मेथीने त्याला हिवाळाभर पोसलं.

१५ फेब्रुवारी

श्वसनाचं मोजमाप. वाफ्यातली माती सारखी ओली करून बंद बरणीत, सोबत छोट्या वाटीत सोडियम हायड्रॉक्साइड. जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वाटीत मुरतो. दिवसभराने बेरियम क्लोराइड घालून उरलेल्या सोड्याचं आम्लाने टायट्रेशन. आम्ल जितकं कमी लागेल, तितका श्वास जास्त. कालवलेल्या अर्ध्या भागांना सगळ्यांत कमी आम्ल लागलं. पाला अंथरलेले भाग त्यांच्या मागे, मोकळे सगळ्यांत शेवटी. वाफा ५, पाणी मिळालेला मोकळा, इतर मोकळ्यांपेक्षा जरा वर, पण झाकलेल्यांच्या जवळपास नाही. निव्वळ ओल हे कारण नव्हतं तर. एकाच वाफ्यावर मी फार जोर देत नाही.

भाऊजी खूश. "पाहा, कालवलेलं जोरात हाये."

१६ मार्च

पुन्हा तीच बरणी. कालवलेल्या भागांचा जोर ओसरला, अंथरलेल्यांच्या बरोबरीला आलाय. पाला हवेसकट मातीत मिसळला की जीवाणूंची मेजवानी होते आणि इथल्या उन्हात ती लवकर संपते. भाऊजींना आकडे दाखवले, ते गव्हाच्या कापणीत होते, हं म्हणाले.

२३ मार्च

मांजरपाट काढला. सगळ्यांत जास्त घट कुठे? मोकळ्या वाफा २ मध्ये. तुकडा जवळपास नाहीसा, दोऱ्याला चिंधी लोंबतेय. पाच मिनिटं मी डोकं धरून बसले. मग चिंधी नीट बघितली: कडा कुरतडलेल्या, भोकांभोवती मातीचे लिंपण. वाळवी. बुरशीने कुजलेलं कापड डागाळतं, मऊ पडतं आणि ओढलं की फाटतं. लाखोळीतले तुकडे तसे होते, काळे-गुलाबी डाग पडलेले. कोरड्या उघड्या मातीत वाळवीला दुसरं खायला काहीच नव्हतं, तिने माझं कापड खाल्लं. नुसतं वजन घेतलं असतं तर उघडी माती सगळ्यांत जिवंत ठरली असती. पुढच्या वेळी बारीक जाळीत शिवून पुरायचं.

सेंद्रिय कर्बही बघितला, वॉकली-ब्लॅक पद्धतीने. बाराही वाफे ०.५ टक्क्याच्या खाली, म्हणजे "कमी" या रकान्यात, आणि आपसांत फरक नाही. एका हिवाळ्यात तो हलेल अशी आशा नव्हती.

२७ एप्रिल

दुपारी दोन. साधा काचेचा तापमापक, दोन इंच खोल. मोकळा वाफा ४८ अंश. कालवलेला भाग ४६. लाखोळी अंथरलेला ४१, ओटचं काड अंथरलेला ३८. लाखोळीचा पाला आतापर्यंत बराच चुरा झालाय, ओटचं काड अजून टिकून आहे. द्विदल लवकर कुजतं आणि मातीला खायला घालतं, तृणधान्य सावकाश कुजतं आणि सावली देतं. आमच्या पट्टीला दुसरं जास्त लागतं, हे ऑक्टोबरमध्ये मला ठाऊक नव्हतं. मी लाखोळीच्या बाजूने होते.

नरसाळी पुन्हा लावली. मोकळ्यात शून्य, शून्य, एक मुंगी. कालवलेल्यात दोन-तीन. ओटच्या काडाखाली अजून डझनभर. जानेवारीत मोहरी, लाखोळी, मिश्र यांच्यात जो फरक मोजत बसले होते, तो आता पुसला गेलाय. उरलाय तो झाकलेलं आणि उघडं एवढाच. शत्रू म्हणत होते तो हा. पेरलं हिवाळ्यात, पण हिशोब एप्रिलच्या दुपारी लागला.

काडाखाली वाळवीही आहे. भाऊजींनी पाहिली. काही बोलले नाहीत, म्हणजे लक्षात ठेवलंय.

२९ मे

नवतपा, उन्हाचे सगळ्यांत कडक नऊ दिवस. वावरात गेले नाही. कूलरसमोर बसून आकडे वहीत उतरवले.

१३ जून

परवा पहिला दमदार पाऊस. आज मातीचा वास घरापर्यंत. मोकळ्या वाफ्यांवर थेंबांनी वाळू उडून पातळ पापुद्रा धरलाय, काडाखाली नाही. काडाखाली फावडं घातलं तर तीन गांडुळं, बोटभर लांब. कोशांतून आली की पाटाकडून, सांगता येणार नाही.

वांग्यांची रोपं तयार. मिश्र वाफ्यांमध्ये वांगी नको म्हणून मी सांगितलं, मेथीच्या सुजलेल्या मुळांचा फोटो दाखवला. भाऊजींनी त्या तुकड्यात ज्वारी टाकली, चाऱ्याची. मोहरीच्या आणि लाखोळीच्या जागी वांगी, मोकळ्यातही वांगी. ऑगस्टमध्ये चारचार रोपं उपटून मुळं बघू द्यायचं कबूल केलंय, "पण फळं लागल्यावर उपटू नका वहिनी."

ऑक्टोबरसाठी: ओट आणि लाखोळी एकत्र, मेथी नाही. मोकळ्यांनाही पाणी. जाळीच्या पिशव्या शिवायच्या. बोरीच्या काट्या पेरणीच्या दिवशीच लावायच्या. सासूबाईंनी वाफा ७ च्या कोपऱ्यातलं बियाणं गाडग्यात भरून कडुनिंबाचा पाला घालून ठेवलंय. मोजायला दिलं नाही.